उत्तर आलं नाही, म्हणजे नेमकं काय झालं? – बिनडिस्कच्या संगणकांचा इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला आणि मला दोघांचे फोन आले. एकाने विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे संगणकाचं कुठून काढलंत?" दुसरा माझा जुना विद्यार्थी, संगणकाच्याच क्षेत्रात आहे. तो म्हणाला, "सर, हा विषय आता फार जुना झाला." दोघांचंही बरोबर आहे. मी संगणकतज्ज्ञ नाही, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. आणि विषय जुना आहे म्हणून तर तो इतिहासाच्या व्याख्यानमालेत बसतो.

पण खरं कारण वेगळं आहे. साधारण वीस वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या चौकशी समितीत मी होतो. त्या समितीच्या अहवालावर माझी सही आहे. अहवालातलं एक वाक्य चुकीचं होतं, आणि ते एका माणसाला भोवलं. ते वाक्य का चुकलं हे समजून घेण्यासाठी मला या यंत्रांचा इतिहास वाचावा लागला. ती हकीकत शेवटी सांगतो, कारण आधी इतिहास सांगितल्याशिवाय ती कळायची नाही.

पहिला प्रोग्राम कोण आणणार?

संगणक 'बूट' होतो असं आपण सहज म्हणतो. हा शब्द आला बुटावरूनच. उंच बुटाला मागच्या बाजूने ओढायला एक पट्टी असते, तिला बूटस्ट्रॅप म्हणतात. स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःलाच वर उचलायचं, असा इंग्रजीत एक वाक्प्रचार होता. म्हणजे अशक्य गोष्ट. संगणकाची अडचण तीच. मेमरीत प्रोग्राम आणायचा, तर तो आणण्यासाठी एक प्रोग्राम लागतो. मग तो कोण आणणार? त्याला आणणारा दुसरा, त्याला आणणारा तिसरा... आपल्याकडचे नैयायिक याला अनवस्था म्हणतात. मागे मागे जात राहायचं, टेकायला जागाच नाही.

सुरुवातीला ही अनवस्था माणसाच्या बोटाशी येऊन थांबायची. १९६५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने पीडीपी-८ नावाचा संगणक काढला. त्याच्या दर्शनी भागावर खटक्यांची रांग असे. ऑपरेटर एकेक खटका वर-खाली करून थोड्याशा सूचना हाताने आत भरायचा. त्या छोट्या प्रोग्रामला एवढंच यायचं की कागदी फितीवरून त्याच्यापेक्षा मोठा प्रोग्राम वाचायचा. मोठा आला की तो खरं काम उचलायचा. नंतर खटक्यांची जागा रॉम नावाच्या चिपने घेतली. हाताने भरायच्या सूचना कारखान्यातच त्या चिपमध्ये कोरल्या जाऊ लागल्या, आणि कागदी फितीच्या जागी डिस्क आली.

आता पुढचा प्रश्न. डिस्कच नसेल तर?

डिस्क काढून टाकण्यामागे हौस नव्हती. डिस्क महाग होती, आवाज करायची, आणि आतला फिरणारा भाग झिजून बिघडायची. दहा जणांच्या टेबलावर दहा डिस्क ठेवण्यापेक्षा एका खोलीत एक मोठी डिस्क ठेवावी आणि बाकीच्यांनी तारेवरून वापरावी, हा साधा व्यवहार होता. आपल्याकडे वाड्यात एक विहीर आणि सगळ्या बिऱ्हाडांनी तिथून पाणी भरायचं, तसं. फक्त इथे अडचण अशी की बिऱ्हाडाला विहिरीची वाट माहीत नाही, आणि आपण कोणत्या खोलीत राहतो हेही माहीत नाही.

श्वास, आणि मग प्रश्न

याचं एक सुंदर उत्तर झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात सापडतं. तिथे १९७३ साली आल्टो नावाचा संगणक तयार झाला. त्याच सुमारास रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी त्याच इमारतीत इथरनेट उभं केलं. आल्टोला स्वतःची डिस्क होती, पण ती बाजूला ठेवून तो तारेवरूनही सुरू करता येई. सुरू करताना ठरावीक कळ दाबून धरली, की यंत्र काहीही न विचारता तारेवर कान लावून बसायचं. नेटवर्कवरचं दुसरं एखादं यंत्र दर काही सेकंदांनी एक छोटं पॅकेट सगळ्यांसाठी सोडत असे. त्यात एक चिमुकला प्रोग्राम असे. तो कानावर पडला की आल्टो जागा व्हायचा आणि मग पुढचा मोठा प्रोग्राम मागून घ्यायचा. त्या मंडळींनी या पॅकेटचं नाव ठेवलं होतं 'ब्रेथ ऑफ लाइफ'. प्राणाचा श्वास! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ बसून राहिलो होतो.

दहा वर्षांनी चित्र उलटं झालं. यंत्र वाट बघत बसण्याऐवजी प्रश्न विचारू लागलं. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच ४८ बिटांचा एक क्रमांक मिळालेला असतो. जन्मखूण म्हणा. यंत्राला स्वतःबद्दल माहीत असतं ते एवढंच. १९८४ च्या जूनमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या चौघांनी रार्प नावाची पद्धत मांडली. यंत्र ओरडून विचारतं, "माझी जन्मखूण अशी अशी आहे, माझा पत्ता काय?" ज्याला माहीत असेल तो सांगतो. पण रार्पला दोन मर्यादा होत्या. ती हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नसे, आणि उत्तरात फक्त पत्ता मिळे. प्रोग्राम कुठून आणायचा, फाइलचं नाव काय, ते नाही.

म्हणून १९८५ च्या सप्टेंबरात बूटपी आलं. ते लिहिलं स्टॅनफर्डच्या बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्सच्या जॉन गिल्मोर यांनी. तो दस्तऐवज आजही वाचण्यासारखा आहे. त्यातल्या एका विभागाचं शीर्षकच 'कोंबडी आणि अंडं' अशा अर्थाचं आहे. प्रश्न असा की ज्या यंत्राला आपला पत्ता अजून माहीत नाही, त्याला त्या पत्त्यावर पत्र कसं पोचवायचं? आपल्याकडे याला बीजांकुरन्याय म्हणतात. त्यांनी तोडगा काढला तो असा: एक तर सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर द्या, नाहीतर पत्ता बाजूला ठेवून थेट जन्मखुणेवर पाठवा.

त्याच दस्तऐवजात आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्याला लगेच पटेल. लेखक म्हणतात, कल्पना करा की एका तारेवर १०० यंत्रं आहेत आणि वीज जाऊन नुकतीच आली आहे. सगळी एकदम उठून विचारायला लागली तर? म्हणून त्यांनी नियम घातला. उत्तर आलं नाही तर लगेच पुन्हा ओरडू नये. थोडं थांबावं, मग त्याच्या दुप्पट, मग त्याच्याही दुप्पट, आणि थांबण्याच्या वेळात प्रत्येकाने थोडा मागे-पुढे फरक ठेवावा. हा सबुरीचा नियम लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

बूटपीवरच पुढे डीएचसीपी उभं राहिलं. बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांनी ते १९९३ साली मांडलं, १९९७ साली सुधारलं. तुमच्या घरचा वायफायचा डबा तुमच्या फोनला आजही याच पद्धतीने पत्ता देतो.

झाडूचे दोन तुकडे

पत्ता मिळाला, फाइलचं नाव मिळालं. आता फाइल आणायची. त्यासाठी टीएफटीपी नावाची पद्धत होती. एमआयटीतल्या कॅरन सॉलिन्स यांनी १९८१ साली तिची सुधारित आवृत्ती लिहिली. ती मुद्दाम अतिशय साधी ठेवली होती, कारण ती चिमुकल्या रॉममध्ये मावायला हवी. नाव नाही, पासवर्ड नाही. फाइलचे ५१२ बाइटचे तुकडे करायचे. एक तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा.

इतक्या साध्या गोष्टीतही एक चूक राहिली होती, आणि तिचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. समजा पाचवा तुकडा पाठवला आणि पोच यायला उशीर झाला. पाठवणाऱ्याला वाटलं तुकडा हरवला. त्याने पाचवा पुन्हा पाठवला. तेवढ्यात पहिली पोच आली, म्हणून त्याने सहावा पाठवला. मग दुसऱ्या पाचव्याचीही पोच आली, म्हणून सहावा पुन्हा पाठवला. आता सहाव्याच्या दोन पोचा येणार, सातवा दोनदा जाणार, आणि हे फाइल संपेपर्यंत असंच चालणार. काही हरवलेलं नाही, कोणी नियम मोडलेला नाही, फक्त उशीर झाला होता. तरी काम मात्र दुप्पट.

या बिघाडाला नाव पडलं 'जादूगाराचा शिकाऊ चेला'. गटेची १७९७ सालची एक कविता आहे. चेला मंत्र म्हणून झाडूला पाणी भरायला लावतो, थांबवायचा मंत्र विसरतो, म्हणून कुऱ्हाडीने झाडूचे दोन तुकडे करतो, आणि मग दोन्ही तुकडे पाणी आणायला लागतात! (हशा) दुरुस्ती एका ओळीची होती: एकाच तुकड्याची पोच दुसऱ्यांदा आली तर तिच्यावरून पुन्हा काही पाठवू नये. १९८९ साली ती सक्तीची झाली आणि १९९२ च्या आवृत्तीत नियमातच आली.

मला यातला पहिला धडा इथे दिसतो. पाठवणाऱ्याने 'पोच आली नाही' यावरून 'तुकडा पोचला नाही' असा निष्कर्ष काढला. निष्कर्ष चुकीचा होता. तुकडा पोचला होता. पोच रस्त्यात होती.

आपल्याकडच्या लॅब

१९८५ नंतर सनची डिस्क नसलेली यंत्रं विद्यापीठांतून दिसू लागली. सन-३/५० हे त्यातलं गाजलेलं. फाइली सगळ्या सर्व्हरवर, एनएफएस नावाच्या पद्धतीने जोडलेल्या. सर्व्हर बंद पडला की पडद्यावर ओळ यायची, 'एनएफएस सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग'. सर्व्हर उत्तर देत नाही, मी प्रयत्न करतोय. यंत्र तसंच थांबून राहायचं, आणि सर्व्हर परत आला की जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालायचं. त्या ओळीचा प्रामाणिकपणा मला आवडतो. 'सर्व्हर मेला' असं ती म्हणत नाही. 'मला उत्तर आलेलं नाही' एवढंच म्हणते.

आपल्याकडच्या महाविद्यालयांत १९९० च्या दशकात हे आलं ते नॉव्हेल नेटवेअरच्या रूपाने. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल. थंडगार खोली, चपला बाहेर काढायच्या, आणि आत ओळीने ठेवलेले 'नोड'. त्यांना ना हार्ड डिस्क, अनेकदा फ्लॉपीही नाही. नेटवर्क कार्डावर एक रिकामी खाच असे, तिच्यात बूट रॉमची चिप बसवायची. सर्व्हरवर एका फ्लॉपीची हुबेहूब प्रत फाइल म्हणून ठेवलेली असे, आणि यंत्र त्या फाइललाच आपली फ्लॉपी समजून सुरू व्हायचं. फ्लॉपी नसण्याचा एक फायदा असा की मुलांच्या खिशातून येणारे व्हायरस दाराबाहेर राहायचे. त्या काळातले बरेच व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येच बसून यायचे.

पुढे १९९९ हे वर्ष दोन गोष्टींसाठी महत्त्वाचं. जिम मॅक्विलन यांनी लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट सुरू केला. जुनी, टाकाऊ झालेली यंत्रं एका बऱ्यापैकी सर्व्हरला जोडून पुन्हा वापरात आणण्याची ती युक्ती होती. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात इंटेलने पीएक्सई या पद्धतीची २.१ ही आवृत्ती जाहीर केली. त्यानंतर वेगळी चिप बसवायची गरज हळूहळू संपली, बूट रॉम कार्डाबरोबरच येऊ लागला.

पीएक्सईने आणखी एक केलं. चुकांना क्रमांक दिले. हे क्रमांक म्हणजे एका जिन्याच्या पायऱ्या आहेत. ई-६१ आला तर तारच जोडलेली नाही. ई-५१ म्हणजे तार आहे, पण पत्ता देणारा कोणी बोलला नाही. ई-५३ म्हणजे पत्ता मिळाला, पण फाइलचं नाव सांगितलं गेलं नाही. ई-३२ म्हणजे नाव मिळालं, पण फाइल देणाऱ्याने वेळेत दार उघडलं नाही. टी-०१ म्हणजे दार उघडलं, पण त्या नावाची फाइल तिथे नाही. बऱ्याचदा कारण इतकंच की नावातलं एक अक्षर मोठ्या लिपीतलं होतं आणि फाइल छोट्या लिपीत. यापुढेही एक पायरी आहे. लिनक्स मेमरीत येतो तेव्हा रॉमचं काम संपतं, आणि लिनक्सला त्याच कार्डाशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते. त्या कार्डाचा ड्रायव्हर त्याने बरोबर आणलेला नसेल, तर ज्या तारेवरून तो आला तीच तार त्याला दिसत नाही. पाहुण्याला घरी पोचवून रिक्षा निघून जावी आणि पाहुण्याकडे घराची किल्ली नसावी, तसं.

कोणत्या पायरीवर थांबलं हे क्रमांक सांगतो. का थांबलं हे तो सांगत नाही. ते त्याला माहीतच नसतं. नेमकं इथेच मी चुकलो.

ती सकाळ

आता ती हकीकत. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही. तिथल्या लॅबमध्ये वीस-बावीस जुनी यंत्रं होती, बऱ्याचशांच्या हार्ड डिस्क गेलेल्या. नव्या यंत्रांसाठी पैसे नव्हते. लॅबमध्ये कंत्राटावर एक तरुण सहायक होता. त्याने महिनाभर संध्याकाळी थांबून सगळी यंत्रं एका सर्व्हरला जोडली आणि डिस्कशिवाय चालू केली. मी माझी टिपणं तिथेच बसून टाइप करायचो. वर्षभर लॅब छान चालली.

सुट्टीत कार्यालयाने इमारतीतलं नेटवर्कचं साहित्य बदलून घेतलं. जुने स्विच काढून नवे, महागातले बसवले. सुट्टीनंतर प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी मुलं एसटीने लांबून आलेली, आणि एकही यंत्र उठेना. प्रत्येक पडद्यावर ई-५१. परीक्षा पुढे ढकलावी लागली. पालकांनी तक्रार केली, तिघांची समिती नेमली गेली. मी तर्कशास्त्राचा, म्हणून मला घेतलं.

स्विच बसवणाऱ्यांचा माणूस आला. त्याने आपला लॅपटॉप त्याच तारेला जोडला, थोड्या वेळाने त्याला पत्ता मिळाला. "नेटवर्क ओके आहे," म्हणाला. पडद्यावर तर लिहिलंच होतं की पत्ता देणारा बोलला नाही. पत्ता देणारा म्हणजे सर्व्हर. सर्व्हर कोण सांभाळतो? तो मुलगा. आमचं अनुमान पूर्ण झालं. त्या मुलाने सर्व्हरच्या नोंदवहीची, म्हणजे लॉगची, छापील पानं आणली होती. तो म्हणाला, "सर, बघा ना, सर्व्हरला विचारणाच आलेली नाही." आम्हाला ती पळवाट वाटली. अहवालात वाक्य आलं, 'सर्व्हरच्या देखभालीतील निष्काळजीपणामुळे'. त्याचं कंत्राट पुढे वाढवलं नाही.

किल्ल्या द्यायला तो आला त्या दिवशी मी लॅबमध्येच होतो. त्याने कपाटातून एक जुना, धूळ बसलेला हब काढला. एका यंत्राची तार नव्या स्विचमधून काढून हबला जोडली, आणि हबची तार स्विचला. यंत्र सुरू केलं. उठलं! हब काढला, ई-५१. हब लावला, उठलं. माझ्यासमोर तीनदा केलं. मी वर्गात वर्षानुवर्षं जॉन स्टुअर्ट मिलची व्यतिरेक पद्धती शिकवत आलो होतो: बाकी सगळं तसंच ठेवा, एकच गोष्ट बदला, काय बदलतं ते पाहा. ती माझ्यासमोर करून दाखवत होता तो मुलगा, ज्याच्याविरुद्ध मी सही केली होती.

झालं होतं ते असं. १९८५ साली डिजिटल इक्विपमेंटमध्ये रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री नावाची युक्ती काढली. नेटवर्कमध्ये चुकून तारांचं वर्तुळ झालं तर पॅकेट त्यात फिरत राहून सगळं ठप्प होतं. म्हणून एखाद्या दाराला नवी तार जोडली गेली, की स्विच ते दार लगेच उघडत नाही. १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, मग उघडतो. एकूण ३० सेकंद. योजना उत्तम आहे. पण बिनडिस्कचं यंत्र सुरू होतं तेव्हा कार्ड जागं होतं, स्विचला वाटतं नवी तार जोडली, आणि दार बंद होतं. यंत्र विचारतंय, पण बंद दाराशी. पीएक्सईच्या नियमाप्रमाणे ४, ८, १६, ३२ सेकंद थांबत विचारायला हवं. आमच्या जुन्या यंत्रांच्या रॉममध्ये एवढी सबुरी नव्हती. त्याआधीच ती हात टेकत. पुन्हा प्रयत्न केला की कार्ड पुन्हा नव्याने जागं होई, आणि ३० सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. लॅपटॉप मात्र चिकाटीने विचारत राहिला, म्हणून त्याला पत्ता मिळाला. त्याला किती वेळ लागला हे आमच्यापैकी कोणी घड्याळात बघितलं नाही. मध्ये हब लावला की स्विचला ती तार कायम जोडलेलीच दिसे, मग दार बंद व्हायचा प्रश्नच नव्हता.

इलाज दोन मिनिटांचा होता. ज्या दारांना संगणक जोडलेत, तिथे थांबू नकोस, एवढं स्विचला सांगायचं. सांगितलं. लॅब सुरू झाली.

अंधाऱ्या खोलीतला घडा

आता तत्त्वज्ञानाचं थोडं बोलतो, कारण ते बोललो नाही तर माझा पहिला फोनवाला नाराज होईल.

कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैती एक सहावं प्रमाण मानतात, अनुपलब्धी. 'जमिनीवर घडा नाही' हे आपल्याला कसं कळतं? घडा दिसत नाही यावरून कळतं. पण त्यांनी लगेच अट घातली. खोलीत अंधार असेल, तर घडा दिसला नाही यावरून घडा नाही असं म्हणता येणार नाही. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच न दिसणं हे नसण्याचं प्रमाण होतं. याला म्हणतात योग्यानुपलब्धी. नैयायिक अनुपलब्धीला वेगळं प्रमाण मानत नाहीत, पण ही योग्यतेची अट त्यांनाही मान्य आहे.

आमच्या समितीपुढे दोन 'नाही' होते. पहिला पडद्यावरचा: उत्तर आलं नाही. सर्व्हर बोलला असता तर या यंत्राला ऐकू आलं असतं का? नाही, दार बंद होतं. म्हणजे अंधारी खोली. दुसरा लॉगमधला: विचारणा आली नाही. आली असती तर नोंदली गेली असती का? हो. कारण त्याच पानावर त्या लॅपटॉपची विचारणा नोंदलेली होती. दिवा लागलेला होता. म्हणजे लॉगमधलं 'नाही' हे प्रमाण होतं, आणि पडद्यावरचं 'नाही' हे प्रमाण नव्हतं. आम्ही नेमकं उलट केलं. यंत्राच्या अज्ञानाला आम्ही सर्व्हरविरुद्धचा पुरावा मानलं, आणि तो पुरावा त्याच्या रखवालदाराच्या माथी मारला.

बिघाड शोधण्याचं सगळं शास्त्र मला यात दिसतं. कोणत्याही यंत्राने 'उत्तर नाही' म्हटलं की आधी विचारायचं, उत्तर दिलं असतं तर याला ऐकू आलं असतं का? मग तारेच्या दोन्ही टोकांना जाऊन ऐकायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माणसांच्या बाबतीतही हे लागू आहे, पण त्यावर मी व्याख्यान देत नाही. ते ज्याचं त्याने करावं.

मी प्राचार्यांना एक पानाचं दुरुस्तीपत्र लिहिलं. ते फाइलला लागलं. मूळ अहवालातलं वाक्य तसंच राहिलं, कारण मंजूर झालेला अहवाल बदलता येत नाही असं सांगण्यात आलं. तोपर्यंत त्या मुलाने दुसरीकडे नोकरी धरली होती. मी त्याला भेटून चूक कबूल केली. तो एवढंच म्हणाला, "सर, लॉग वाचला असता तर बरं झालं असतं." आज बोलण्याआधी मी त्याला विचारलं, ही गोष्ट सांगू का? तो म्हणाला, सांगा, पण स्विचचं नीट सांगा. तसं सांगायचा प्रयत्न केला.

वेळ झाली आहे. एक प्रश्न घेतो.

प्रश्न : सर, आता हे सगळं कालबाह्य झालं ना?

उत्तर : माझा विद्यार्थीही तेच म्हणाला. लॅबमधले नोड गेले, हे खरं. पण मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये नवा सर्व्हर बसवतात, तेव्हा त्याच्यावर पहिल्यांदा प्रणाली चढवायला आजही बहुतेक वेळा हीच वाट असते. आणि चुकाही नव्याने होतात. २०१६ साली रास्पबेरी पाय ३ हा छोटा संगणक आला. त्यात नेटवर्कवरून बूट होण्याची सोय रॉममध्येच दिली होती. पण त्या रॉममध्ये काही चुका राहिल्या. पत्ता मागताना तो लवकर हार मानायचा. रॉममधली चूक विकलेल्या यंत्रात दुरुस्त होत नाही. ती पुढच्या मॉडेलमध्ये सुधारली, आणि आधीची यंत्रं तशीच राहिली. सबुरीचा नियम १९८५ साली लिहून ठेवलेला होता. तरी तीस वर्षांनी सबुरीच कमी पडली. म्हणून म्हणतो, इतिहास वाचावा. आणि लॉगही वाचावा.